टायटॅनियम मिश्रधातू संमिश्रांच्या औष्णिक गुणधर्मांचे मापन

टायटॅनियमच्या मिश्रधातूमध्ये सिलिकॉन कार्बाइडासारख्या सिरॅमिक पदार्थाचे तंतू किंवा कण रोवून तयार केलेल्या पदार्थांना टायटॅनियम मिश्रधातू संमिश्रे असे म्हणतात. विमाने, जेट इंजिने व अवकाशयाने यांच्या भागांसाठी ही संमिश्रे वापरताना ती उष्णता किती सहजपणे वाहून नेतात, किती साठवतात आणि तापल्यावर किती प्रसरण पावतात हे प्रयोगाने निश्चित करावे लागते. एकजिनसी धातूसाठी ठरावीक तापमानाला औष्णिक संवाहकतेचे एकच मूल्य पुरेसे असते. संमिश्राच्या बाबतीत हे मूल्य तंतूंची दिशा, तंतू व धातू यांच्यामधील आंतरपृष्ठाची अवस्था, नमुन्याची जाडी आणि नमुन्याने आधी सोसलेले तापमान यांवर अवलंबून असते. त्यामुळे या बाबींची नोंद नसलेले मापन अभियांत्रिकी आराखड्यासाठी अपुरे ठरते.

## पार्श्वभूमी

टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५७ टक्के असून त्याच्या मिश्रधातू कित्येक पोलादांइतक्या बळकट असतात. वैमानिकी क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाणारी टायटॅनियम मिश्रधातू म्हणजे टीआय-६एएल-४व्ही होय. तिच्यात वजनाने सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असते. या मिश्रधातूची ताठरता व उच्च तापमानातील बळ वाढवण्यासाठी तिच्यात सिरॅमिक प्रबलक मिसळले जातात. ज्या धातूमध्ये प्रबलक रोवलेले असतात त्या धातूला आधारद्रव्य म्हणतात.

या संमिश्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात सिलिकॉन कार्बाइडाचे अखंड तंतू एका दिशेत समांतर बसवलेले असतात. एससीएस-६ या नावाने ओळखला जाणारा असा तंतू सुमारे ०.१४ मिमी. व्यासाचा असतो. त्याच्या मध्यभागी कार्बनचा गाभा असतो आणि बाहेरून काही मायक्रोमीटर जाडीचा कार्बनयुक्त लेप असतो. तंतू व धातूचे पातळ पत्रे एकाआड एक रचून साधारण ९०० °से.च्या आसपास उच्च दाबाखाली दाबले, की घन संमिश्र तयार होते. दुसऱ्या प्रकारात टायटॅनियम बोराइड किंवा टायटॅनियम कार्बाइड यांचे सूक्ष्म कण वा आखूड तंतू धातूमध्ये विखुरलेले असतात.

अमेरिकेत १९८६ मध्ये जाहीर झालेल्या एक्स-३० या राष्ट्रीय अवकाश-विमान प्रकल्पामुळे अखंड तंतूंच्या संमिश्रांच्या संशोधनाला मोठी चालना मिळाली. या विमानाचे बाह्य आवरण हवेच्या घर्षणाने व संपीडनाने अतिशय तापणार होते आणि आत मात्र सुमारे −२५३ °से. तापमानाचे द्रवरूप हायड्रोजन इंधन असणार होते. १९९३ मध्ये विमान न बांधताच प्रकल्प थांबला. पुढे ही संमिश्रे मर्यादित प्रमाणात प्रत्यक्ष वापरात आली. एफ-२२ विमानाच्या एफ११९ इंजिनातील नोझल ॲक्च्युएटरचे दट्ट्यादंड हे त्याचे एक उदाहरण आहे.

## मोजले जाणारे गुणधर्म

* औष्णिक संवाहकता : तापमानातील ठरावीक फरकामुळे पदार्थातून किती उष्णता वाहते याचे माप. एकक वॅट प्रति मीटर केल्विन.
* विशिष्ट उष्णता : एक ग्रॅम पदार्थाचे तापमान एक केल्विनने वाढवण्यासाठी लागणारी उष्णता. एकक ज्यूल प्रति ग्रॅम केल्विन.
* औष्णिक विसरणशीलता : तापमानातील बदल पदार्थात किती वेगाने पसरतो याचे माप. एकक चौरस मिलिमीटर प्रति सेकंद.
* रेषीय प्रसरण गुणांक : तापमान एक केल्विनने वाढल्यावर लांबीत होणारी सापेक्ष वाढ. ती दशलक्षांशांत सांगण्याची पद्धत आहे.
* उत्सर्जनक्षमता : आदर्श कृष्ण पदार्थाच्या तुलनेत पृष्ठभाग किती उष्णता प्रारणाने बाहेर टाकतो याचे प्रमाण.

पहिले तीन गुणधर्म घनतेमार्फत परस्परांशी निगडित आहेत :

औष्णिक संवाहकता = औष्णिक विसरणशीलता × विशिष्ट उष्णता × घनता

उच्च तापमानाला संवाहकता थेट मोजणे अवघड असल्यामुळे बहुतेक प्रयोगशाळा उजवीकडील तीन राशी स्वतंत्रपणे मोजून संवाहकता काढतात.

सामान्य तापमानाची काही मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

| पदार्थ | घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी.) | संवाहकता (वॅट प्रति मीटर केल्विन) | प्रसरण गुणांक (दशलक्षांश प्रति केल्विन) |
|---|---|---|---|
| तांबे | ८.९६ | सु. ४०० | १६.५ |
| ॲल्युमिनियम | २.७० | सु. २३७ | २३.१ |
| शुद्ध टायटॅनियम | ४.५१ | सु. २२ | ८.६ |
| टीआय-६एएल-४व्ही | ४.४३ | सु. ६.७ | ८.६ |

धातूमध्ये उष्णता मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉन वाहून नेतात. मिश्रधातूतील परके अणू इलेक्ट्रॉनांच्या मार्गात अडथळे आणतात. म्हणूनच टीआय-६एएल-४व्हीची संवाहकता शुद्ध टायटॅनियमच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी आहे. तापमान वाढेल तशी ती वाढत जाते, त्यामुळे सामान्य तापमानाचे मूल्य उष्ण भागाच्या गणितात वापरता येत नाही.

## मापनपद्धती

### लेसर फ्लॅश पद्धत

विसरणशीलता मोजण्याची ही सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. डब्ल्यू. जे. पार्कर, आर. जे. जेनकिन्स, सी. पी. बटलर आणि जी. एल. ॲबट यांनी ती १९६१ मध्ये मांडली. त्यांनी झेनॉन दिव्याच्या झोताचा वापर केला होता. पुढे त्याची जागा लेसरने घेतली. एएसटीएम ई१४६१ हे या पद्धतीचे प्रमाणित विनिर्देश आहे.

नाण्यासारख्या चपट्या नमुन्याच्या एका बाजूवर अत्यंत अल्पकाळाचा प्रकाशस्पंद सोडतात आणि विरुद्ध बाजूचे तापमान अवरक्त संवेदकाने टिपतात. विरुद्ध बाजूची तापमानवाढ तिच्या कमाल मूल्याच्या निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाला अर्धकाल म्हणतात. उष्णतेचा ऱ्हास होत नाही असे मानल्यास :

विसरणशीलता = ०.१३८८ × जाडी × जाडी ÷ अर्धकाल

टीआय-६एएल-४व्हीची विसरणशीलता सामान्य तापमानाला सुमारे २.९ चौ. मिमी. प्रति सेकंद असते. म्हणून २ मिमी. जाडीच्या नमुन्यासाठी अर्धकाल सुमारे ०.१९ सेकंद येतो. तितक्याच जाडीच्या तांब्यासाठी तो ०.००५ सेकंदाच्या आसपास असतो. टायटॅनियमसाठी वेळेचे मापन त्यामानाने सोपे आहे, पण दीर्घ अर्धकालामुळे त्या अवधीत नमुन्याच्या पृष्ठभागावरून निसटणारी उष्णता दुर्लक्षिता येत नाही. या ऱ्हासासाठीची दुरुस्ती आर. डी. कोवन यांनी १९६३ मध्ये दिली. सूत्रात जाडीचा वर्ग असल्याने जाडीच्या मापनातील १ टक्क्याची चूक निष्कर्षात २ टक्क्यांची होते. प्रकाश नीट शोषला जावा यासाठी नमुन्यावर ग्रॅफाइटचा पातळ लेप देतात.

### डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री

विशिष्ट उष्णता मोजण्यासाठी ही पद्धत वापरतात. ई. एस. वॉटसन आणि एम. जे. ओनील यांनी ती १९६२ मध्ये विकसित केली. नमुना असलेली कुपी आणि रिकामी कुपी एकाच गतीने तापवून दोहोंकडे जाणाऱ्या उष्णतेतील फरक नोंदवला जातो. रिकामी कुपी, विशिष्ट उष्णता माहीत असलेले नीलम आणि प्रत्यक्ष नमुना अशा तीन फेऱ्यांच्या तुलनेतून मूल्य मिळते.

उपकरणाच्या तापमानाचे अंशशोधन शुद्ध धातूंच्या वितळबिंदूंवरून करतात. इंडियम (१५६.६ °से.), जस्त (४१९.५ °से.), ॲल्युमिनियम (६६०.३ °से.) आणि चांदी (९६१.८ °से.) हे त्यासाठी नेहमी वापरले जाणारे धातू होत. उच्च तापमानाला टायटॅनियम प्लॅटिनमच्या कुपीशी अभिक्रिया करते, म्हणून आतून सिरॅमिकचे अस्तर द्यावे लागते. शुद्ध टायटॅनियमची स्फटिकरचना ८८२ °से. तापमानाला बदलते. टीआय-६एएल-४व्हीमध्ये हा बदल तापमानाच्या एका पट्ट्यात होत जाऊन सुमारे ९९५ °से.ला पूर्ण होतो. या पट्ट्यात शोषली जाणारी रूपांतराची उष्णता विशिष्ट उष्णतेत मिसळली जाऊ नये याची काळजी घेतात.

### प्रसरणमापन

ढकलदांडीच्या प्रसरणमापकात नमुन्याला टेकवलेली क्वार्ट्झकाचेची किंवा ॲल्युमिनाची दांडी लांबीतील बदल भट्टीबाहेरील संवेदकापर्यंत पोचवते. एएसटीएम ई२२८ या विनिर्देशात ही पद्धत दिलेली आहे. २५ मिमी. लांबीचा टीआय-६एएल-४व्हीचा नमुना १०० केल्विनने तापवल्यास सुमारे २१.५ मायक्रोमीटरने वाढतो. अवघ्या एका मायक्रोमीटरची चूक येथे जवळपास ५ टक्क्यांची ठरते. दांडी स्वतःही प्रसरण पावत असल्याने प्रमाणित पदार्थ वापरून तिचे प्रसरण वजा करावे लागते. अधिक अचूकता हवी असल्यास प्रकाशाच्या व्यतिकरणावर आधारित मापक वापरतात.

### स्थिर-अवस्था पद्धती

एएसटीएम ई१२२५ या पद्धतीत संवाहकता माहीत असलेल्या दोन प्रमाणित ठोकळ्यांच्या मध्ये नमुना बसवतात. एक टोक तापवून व दुसरे थंड ठेवून उष्णतेचा प्रवाह स्थिर होऊ देतात आणि तपयुग्मांनी जागोजागचे तापमान मोजतात. टायटॅनियम मिश्रधातूची संवाहकता कमी असल्याने नमुन्याच्या कडांवरून निसटणारी उष्णता एकूण प्रवाहाच्या तुलनेत मोठी ठरते. ती रोखण्यासाठी नमुन्याभोवती त्याच्याच तापमानाचे संरक्षक आवरण ठेवतात. ही पद्धत वेळखाऊ आहे आणि तिला मोठा नमुना लागतो. मात्र तीत संवाहकता थेट मिळत असल्यामुळे लेसर फ्लॅश पद्धतीचे निष्कर्ष पडताळण्यासाठी ती उपयोगी पडते.

## संमिश्रांच्या मापनातील विशेष बाबी

### दिशा

एका दिशेत तंतू असलेल्या संमिश्रात उष्णता तंतूंच्या दिशेने एका प्रमाणात आणि तंतूंना आडव्या दिशेने वेगळ्या प्रमाणात वाहते. तंतूंच्या दिशेत तंतू व धातू हे उष्णतेचे दोन समांतर मार्ग असतात. आडव्या दिशेत मात्र उष्णतेला प्रत्येक तंतू व त्याचे आंतरपृष्ठ ओलांडावे किंवा टाळून जावे लागते. त्यामुळे एकाच फलकातून किमान दोन दिशांचे नमुने कापून स्वतंत्र मापन करावे लागते. प्रसरणालाही हेच लागू आहे.

### आंतरपृष्ठ

दोन पदार्थांच्या सीमेवर तापमानात अचानक उडी पडते, म्हणजेच सीमेला स्वतःचा औष्णिक रोध असतो. घन पदार्थ व द्रवरूप हीलियम यांच्या सीमेवर ही उडी प्योत्र कापित्सा यांनी १९४१ मध्ये प्रयोगाने दाखवली. संमिश्रात असा रोध लक्षावधी ठिकाणी असू शकतो. तंतू धातूपासून सुटलेला असेल, तर मधली फट उष्णतेला आणखी अडवते. फटीत वायू असल्यास तो थोडी उष्णता पलीकडे नेतो, निर्वातात तीही नेली जात नाही. म्हणून कडेने उघड्या असलेल्या फटी असणाऱ्या संमिश्राची आडवी संवाहकता निर्वातात व वायूत मोजल्यास वेगवेगळी येते. हा फरक तंतू सुटल्याची खूण म्हणूनही वापरता येतो.

आंतरपृष्ठाची अवस्था तापमानाबरोबर बदलते. सिलिकॉन कार्बाइड तंतूंचा प्रसरण गुणांक टायटॅनियमपेक्षा बराच कमी, साधारण ४ ते ५ दशलक्षांश प्रति केल्विन, असतो. निर्मितीनंतर संमिश्र थंड होताना धातू अधिक आकुंचन पावतो आणि तंतूला घट्ट आवळतो. संमिश्र पुन्हा तापवले, की ही पकड सैल होत जाते. त्यामुळे सामान्य तापमानाला उत्तम दिसणारा औष्णिक संपर्क प्रत्यक्ष वापराच्या तापमानाला तसाच राहील असे गृहीत धरता येत नाही.

### नमुन्याचा आकार

लेसर फ्लॅश पद्धतीचे गणित नमुना एकजिनसी आहे असे मानते. ०.१४ मिमी. व्यासाच्या तंतूंच्या संमिश्रात २ मिमी. जाडीमध्ये तंतूंचे जेमतेम आठ-दहा थर बसतात. त्याहून पातळ नमुन्यात एखादा थर कमी-अधिक झाला तरी निष्कर्ष बदलतो. तंतूंच्या दिशेत मोजताना तंतू व धातू यांच्यातून उष्णता वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकत असेल, तर विरुद्ध बाजू सर्वत्र एकाच वेळी तापत नाही आणि एकच अर्धकाल काढणे संशयास्पद ठरते. वेगवेगळ्या जाडीच्या नमुन्यांवर समान उत्तर येते का, हे पाहणे ही त्यावरील साधी पडताळणी आहे. कॅलरीमापकासाठीचा नमुना तर काही दशक मिलिग्रॅमचाच असतो. त्यात तंतूंचे प्रमाण मूळ फलकाइतकेच आहे याची खात्री स्वतंत्रपणे करावी लागते.

### औष्णिक इतिहास व ऑक्सिडीभवन

मापनासाठी दिलेली उष्णता नमुन्यालाच बदलू शकते. उच्च तापमानाला टायटॅनियम व सिलिकॉन कार्बाइड यांच्यात अभिक्रिया होऊन टायटॅनियम कार्बाइड आणि टायटॅनियम सिलिसाइडे तयार होतात. तंतूवरील कार्बनयुक्त लेप ही अभिक्रिया लांबवतो, पण दीर्घकाळात तोही खर्ची पडतो. याशिवाय तापलेले टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन शोषून घेते व पृष्ठभागावर ठिसूळ थर तयार होतो. म्हणून मापन निर्वातात किंवा शुद्ध आर्गॉन वायूत करतात. नमुना तापताना आणि थंड होताना अशा दोन्ही वेळा मापन करण्याची पद्धत आहे. दोन्ही वक्र जुळले नाहीत, तर नमुना प्रयोगादरम्यान बदलला असे समजावे लागते.

## गणिती अंदाज

मापनाची शहानिशा करण्यासाठी घटकांच्या गुणधर्मांवरून संमिश्राचे मूल्य काढणारी सूत्रे वापरतात. घनता घटकांच्या आकारमानाच्या प्रमाणात व विशिष्ट उष्णता वस्तुमानाच्या प्रमाणात सरासरी घेऊन मिळते. टीआय-६एएल-४व्हीमध्ये आकारमानाने ३५ टक्के एससीएस-६ तंतू (घनता सुमारे ३.०) असल्यास संमिश्राची घनता सुमारे ३.९ येते. मोजलेली घनता याहून कमी असल्यास सच्छिद्रतेची शंका घेतात.

तंतूंच्या दिशेतील प्रसरणात अधिक ताठर घटकाचा प्रभाव जास्त असतो. आर. ए. शेपरी यांच्या १९६८ मधील विश्लेषणानुसार घटकांचे प्रसरण गुणांक त्यांच्या ताठरतेनुसार भारित करून सरासरी काढतात. तंतूची ताठरता ४०० गिगॅपास्कल, धातूची ११४ गिगॅपास्कल, आणि त्यांचे गुणांक अनुक्रमे ४.८ व ८.६ धरल्यास वरील संमिश्राचा गुणांक सुमारे ६.१ दशलक्षांश प्रति केल्विन येतो.

संवाहकतेसाठी जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८७३) व लॉर्ड रॅले (१८९२) यांच्या विवेचनांवर आधारित सूत्रे प्रचलित होती. त्यांत आंतरपृष्ठाचा संपर्क परिपूर्ण मानलेला होता. डी. पी. एच. हॅसलमन व एल. एफ. जॉन्सन यांनी १९८७ मध्ये आंतरपृष्ठाचा रोध त्यात समाविष्ट केला. त्यांच्या सूत्रानुसार प्रबलकाचे प्रमाण तेवढेच ठेवून त्याचे कण लहान केले, तर आंतरपृष्ठाचे एकूण क्षेत्रफळ वाढून संवाहकता घटते. मोजलेल्या आडव्या संवाहकतेवरून उलट गणित करून आंतरपृष्ठाचा रोध अंदाजणे हा या सूत्राचा महत्त्वाचा उपयोग आहे.

## अनिश्चितता व नोंद

संवाहकता तीन राशींच्या गुणाकारातून काढली जात असल्याने तिन्हींची अनिश्चितता तिच्यात उतरते. उदाहरणार्थ, विसरणशीलतेत ३ टक्के, विशिष्ट उष्णतेत २ टक्के आणि घनतेत ०.५ टक्के अशा स्वतंत्र अनिश्चितता असल्यास संवाहकतेतील अनिश्चितता सुमारे ३.६ टक्के होते. उच्च तापमानाला नमुन्याची घनता व जाडी प्रसरणामुळे बदलतात, त्यांचीही दुरुस्ती करावी लागते.

मूल्यासोबत तंतूंचा प्रकार व प्रमाण, मापनाची दिशा, नमुन्याची जाडी, भोवतालचा वायू, तापवण्याची गती आणि पूर्वीची औष्णिक प्रक्रिया यांची नोंद आवश्यक मानली जाते. या नोंदींशिवाय दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांतील तफावत पदार्थातील फरकामुळे आहे की पद्धतीतील, हे सांगता येत नाही.

## वैमानिकी व अवकाश क्षेत्रातील महत्त्व

मापनातील चुकीचा परिणाम थेट आराखड्यावर होतो. ५ मिमी. जाडीच्या भिंतीतून दर चौरस मीटरला ५० किलोवॅट उष्णता जात असेल आणि संवाहकता ६.७ धरली, तर भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानांत सुमारे ३७ केल्विनचा फरक येतो. सुटलेल्या तंतूंमुळे प्रत्यक्ष संवाहकता ५ असेल, तर हाच फरक ५० केल्विन होतो. तापमानातील वाढीव फरकामुळे भिंतीत अधिक ताण निर्माण होतात. असे ताण प्रत्येक उड्डाणात पुन्हा पुन्हा येत असल्याने भेगा पडण्याचा धोका वाढतो.

सांध्यांबाबतही हीच स्थिती आहे. १ मीटर लांबीची टीआय-६एएल-४व्हीची पट्टी ३०० केल्विनने तापल्यास, गुणांक स्थिर धरून, सुमारे २.६ मिमी.ने वाढते. वर उल्लेखिलेले संमिश्र तंतूंच्या दिशेत सुमारे १.८ मिमी.ने वाढते. हे दोन भाग एकमेकांना जखडून बसवले, तर पाऊण मिलिमीटरचा हा फरक सांध्याला सोसावा लागतो. छिद्रांची सैल, बोल्टांची जागा व जोडणीचा प्रकार त्यावरूनच ठरवतात.

दीर्घकाळ वापरलेल्या भागांच्या तपासणीतही या मापनाचा उपयोग होतो. भागावर प्रकाशस्पंद सोडून अवरक्त कॅमेऱ्याने पृष्ठभागाचे तापमान टिपल्यास, जेथे आतले थर सुटलेले आहेत तेथे पृष्ठभाग अधिक वेळ तापलेला राहतो. त्यामुळे भाग न कापताच दोषाची जागा ओळखता येते.